पत्र नेणारे हात

मी दहा वर्षांचा असताना अचलपुरात आमच्या शेजारी एक वृद्ध आजी राहत. त्यांचा एकुलता एक मुलगा मुंबईस नोकरीला होता. ‘दिवाळीस घरी ये,’ एवढ्याच मजकुराचे पोस्टकार्ड त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतले व पेटीत टाकण्यास मजजवळच दिले. खेळाच्या नादात ते दप्तरातच राहिले. “बाबू, पत्र टाकलं नं?” असे त्यांनी विचारताच मी बेधडक “हो” म्हणालो. पंधरा दिवसांनी कार्ड हाती लागले, तेव्हा चोरासारखा जाऊन ते पेटीत टाकून आलो. मुलगा आला, परंतु दिवाळी उलटल्यावर.

पुढे इतिहास शिकविताना एका कासिदाची हकीकत वाचनात आली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्यानंतर नवव्या दिवशी औरंगाबादेस पोचण्याच्या कराराने सावकारांचा एक कासीद निघाला होता. वाटेत त्याजजवळील पत्र नानासाहेब पेशव्यांपुढे उघडले गेले. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहोरा गेल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा सावकारी सांकेतिक भाषेत त्यात त्या घोर संहाराचे वर्तमान होते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडले आणि हजारो माणसे घरदार सोडून तिकडे धावली. सोन्याच्या त्या मुलखात घरच्या पत्राची वाट पाहत लोक टपाल कचेरीपुढे लांबच लांब रांगा लावीत. पुढे ३ एप्रिल १८६० रोजी ‘पोनी एक्सप्रेस’ सुरू झाली. ठिकठिकाणी ताजे घोडे बदलीत तिचे स्वार सुमारे १९०० मैलांचा पल्ला दहा दिवसांत गाठीत. १८६१ च्या ऑक्टोबरात तारायंत्र देशाच्या आरपार पोचले आणि ही डाक बंद पडली.

विद्यार्थिमित्रहो, आनंदाचे पत्र असो वा दुःखाचे, ते परक्याची ठेव म्हणून जपणे, हेच त्या कासिदाचे आणि त्या स्वारांचे काम होते. माझी वाट तर पेटीपर्यंतचीच होती!

अखेर मी आजींपाशी अपराध कबूल केला. त्या क्षणभर स्तब्ध राहिल्या. मग कोनाड्यातील कोरे कार्ड माझ्या हाती देऊन म्हणाल्या, “घे, लिही.”

ते कार्ड मी त्याच पावली पेटीत टाकले.