ऑरहूसचं मैदान आणि दहावीचं वर्ष

ऑरहूस हे डेन्मार्कमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. इथल्या स्कोवबाकन क्लबाच्या महिला फुटबॉल संघात २०१० ते २०१२ या काळात दोघीजणी एकत्र खेळल्या. एक पर्निले हार्डर, इकास्त या छोट्या गावची. दुसरी नादिया नदीम, अफगाणिस्तानातल्या हेरातमध्ये जन्मलेली. पुढे २०१८ आणि २०२० साली हार्डर युरोपातली सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली. २०२० मध्येच चेल्सीने तिला वोल्फ्सबर्गकडून घेतलं, तेव्हा महिला फुटबॉलमधला तोवरचा सर्वांत मोठा सौदा झाला. इथे हार्डरचं नाव आधी निघतं. मी मात्र नादियाची.

मी धुळ्याची. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्याच धंद्यातून ऑरहूसला आले. इथेही वारा भरपूर, फक्त आपल्यासारखा तापलेला नाही. लेक इथेच शाळेत जायला लागली आणि वर्गातल्या सगळ्याच मुली कुठल्या ना कुठल्या क्लबात जातात म्हणून तीही फुटबॉलला जाऊ लागली. नादियाची गोष्ट मला पहिल्यांदा लेकीच्या संघातल्या एका मुलीच्या आईने सांगितली.

नादियाचे वडील अफगाण सैन्यात जनरल होते. २००० साली तालिबानने त्यांना ठार मारलं. आई पाच मुलींना घेऊन निघाली. पाकिस्तान, तिथून खोट्या पासपोर्टवर इटली आणि मग एका ट्रकमध्ये लपून पुढे. आपण लंडनला उतरणार अशी त्यांची समजूत होती, उतरल्या डेन्मार्कमध्ये. ऑलबोर्गजवळच्या निर्वासितांच्या छावणीला लागूनच एक फुटबॉलचं मैदान होतं. नादिया कुंपणापलीकडून मुलींचा खेळ बघायची आणि बाहेर आलेले चेंडू परत टाकायची. एक दिवस धीर करून तिने प्रशिक्षकाला विचारलं, मी येऊ का? तो हो म्हणाला. तिथून ती २००९ मध्ये डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघापर्यंत गेली, आणि पुढे पोर्टलंड, मँचेस्टर सिटी, पॅरिस सें-जर्मेनपर्यंत.

तो प्रशिक्षक हो म्हणाला, ही या गोष्टीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा आहे. तो हो म्हणू शकला, कारण मैदान होतं, तिथे मुली रोज येत होत्या आणि आणखी एकीला घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी हे रोज बघते. नोव्हेंबरात इथे चारच्या सुमारास अंधारून येतं. मग मैदानावरचे मोठे दिवे लागतात आणि आठ-नऊ वर्षांच्या मुली पावसात धावत सुटतात. प्रशिक्षक कुणाचा तरी बाप असतो, दिवसभर सुतारकाम करून आलेला, आणि तो एक पैसा घेत नाही. सामना झाला की सगळ्या जर्सी एका मोठ्या पिशवीत भरून एका आईबापाकडे धुवायला जातात, दर वेळी पाळी वेगळी. आमच्या पाळीला चिखलाने जड झालेल्या त्या जर्सी दोनदा धुवाव्या लागतात. आईला फोनवर दाखवल्या, तर ती म्हणाली, "पोर गारामा खेयस?" मी म्हटलं, हो आई, चिखलातच खेळते, आणि रोज खेळते.

  

नादियाबद्दल मला आणखी एका गोष्टीचं फार कौतुक वाटतं. व्यावसायिक फुटबॉल खेळत असतानाच तिने ऑरहूस विद्यापीठात वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि २०२२ च्या सुरुवातीला ती डॉक्टर झाली. मधल्या काळात, २०१७ च्या युरो स्पर्धेत, सलग सहा वेळा विजेत्या ठरलेल्या जर्मनीला डेन्मार्कने २-१ असं हरवलं, त्यातला एक गोल तिचा. नेदरलँड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यातही पहिला गोल तिचाच, पेनल्टीवर. तो सामना डेन्मार्क ४-२ असा हरला. त्यानंतर अडीच महिन्यांतच मानधन आणि कराराच्या अटींवरून या मुलींचं राष्ट्रीय संघटनेशी बिनसलं आणि स्वीडनविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना झालाच नाही. त्या अंतिम फेरीतून परतल्या होत्या म्हणूनच एवढं ताणून धरू शकल्या, असं मला वाटतं.

डेन्मार्कमध्येही हे सगळं आयतं नव्हतं. १९७१ साली मेक्सिकोच्या अझ्टेका मैदानावर, लाखभर प्रेक्षकांसमोर, डेन्मार्कच्या मुलींनी यजमानांना ३-० असं हरवून अनधिकृत विश्वचषक जिंकला. तिन्ही गोल पंधरा वर्षांच्या सुसाने ऑगस्टेसनने मारले. तेव्हा त्यांच्याच देशाच्या संघटनेने महिला फुटबॉलला मान्यताही दिलेली नव्हती, ती पुढच्या वर्षी मिळाली. आपल्याही मुली फार मागे नव्हत्या. गोव्याची योलांडा डिसूझा खेळायची त्या काळात, १९८० मध्ये, भारत आशियात दुसरा आला आणि १९८३ मध्ये पुन्हा दुसरा. मग कितीतरी वर्षं हातातून निसटली. २०२५ च्या जुलैत थायलंडला २-१ असं हरवून भारतीय मुलींनी आशिया चषक गाठला, तो सामना मी इथे बसून बघितला आणि रडले.

त्या संघात मणिपूर, हरयाणा, तामिळनाडूच्या मुली. धुळे-जळगावची एक तरी असावी, असं वाटल्याशिवाय राहत नाही. पाय आपल्या पोरींचे कमी आहेत का? कापूस वेचायला दिवसभर वाकणाऱ्या, खो-खोत मुलांनाही न सापडणाऱ्या पोरी आहेत या. मी स्वतः शाळेच्या खो-खो संघात होते. नववीची परीक्षा संपली आणि घरात ठरलं, आता दहावी, खेळ बंद. कुणी रागावलं नाही, कुणी मारलं नाही. क्लास लागले आणि संध्याकाळ गेली. संघातल्या बहुतेकींचं असंच झालं. दहावीनंतर पुन्हा मैदानावर ये, असं म्हणायला तिथे कुणी नव्हतं. शाळेच्या संघापलीकडे मुलींसाठी काही नव्हतंच. शाळा सुटली की फाटकाला कुलूप.

आता माझी भाची नववीत आहे. जिल्हा पातळीवर खो-खो खेळलीय, आणि हल्ली मुलांच्यात घुसून फुटबॉलही खेळते. दादा म्हणतो, पुढच्या वर्षी बंद करायला लागेल, डॉक्टर व्हायचंय ना तिला. मी त्याला नादियाचा डॉक्टर झाल्याचा फोटो पाठवला आणि शेजारी जर्मनीविरुद्धच्या गोलचा. त्याने दोन्ही बघितले. म्हणाला, "तिकडची गोष्ट वेगळी असते गं." तिकडची नाही रे दादा, ती हेरातची आहे. दिवाळीत धुळ्याला जातेय. क्लासची वेळ सकाळची करून घ्यायची आणि संध्याकाळचा एक तास मोकळा ठेवायचा, एवढंच त्याच्याकडून कबूल करून घ्यायचंय. तिच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनाही भेटणार आहे. फाटकाची किल्ली सात वाजेपर्यंत कुणाकडे ठेवता येईल, ते विचारायला.