मंठ्याचे शिकारीचे फोटो

मैत्रिणींनो, लोणारचं सरोवर बघायला तुम्ही जालन्याहून निघालात, की वाटूर फाटा मागे टाकून मंठ्यावरूनच जाल. एस.टी. थांबते, चहा होतो, गाडी पुढे निघते. मंठ्याला मुद्दाम उतरतं कोण? आम्ही मात्र उतरलो. मंठा म्हणजे आमच्या मामंजींचं आजोळ, आणि सासूबाईंच्या पिशवीत होते तीन जुने फोटो.

मामंजी गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत ते सापडले. पुढ्यात मारलेलं काळवीट, मागे बंदुका घेतलेले चौघे, आणि कडेला मोठ्या माणसाचा कोट घातलेला एक पोरगा. सासूबाई म्हणाल्या, "हे तुझे मामंजी. कान बघ की!" दीर हसले. फोटोमागे उर्दूत एक ओळ होती. दिरांना उर्दूचे आकडे तेवढे येतात. त्यांनी १३५३ वाचलं, हिजरी साल धरून हिशेब केला, तो आला १९३४. मामंजींचा जन्म १९३२ चा. दोन वर्षांचं लेकरू असं उभं राहील का? झालं! पोरगा कुणीतरी मामेभाऊ ठरला नि सासूबाई गप्प बसल्या. मामंजींचा लहानपणीचा दुसरा एकही फोटो घरात नाही, बरं का.

मंठ्यात नव्वदीला टेकलेले एक गुरुजी भेटले, निजामाच्या शाळेत शिकलेले. त्यांनी भिंग लावून आख्खी ओळ वाचली, "मंठा, बहमन १३५३." मग म्हणाले, "अहो ताई, मोहरम-सफरच्या यादीत बहमन कुठून येणार? हे फसली साल!"

हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. त्याच्या राज्यात सरकारी कामाला फसली साल चाले, पिकाच्या हंगामाला धरून. ऑक्टोबरात आझूर महिन्याने ते सुरू होई, दुसरा दै, तिसरा बहमन. १३५३ त ५९० मिळवा, की झाला १९४३ चा डिसेंबर. तिकडे महायुद्ध पेटलेलं, इकडे मामंजी अकरा वर्षांचे! मग फोटोतली उभी ज्वारी नि अंगावरचे गरम कोटही जुळले. हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात, फसली ऋतू सोडत नाही. मराठवाड्याकडची जुनी खतं, पावत्या तुमच्या घरी असतील, तर महिन्याचं नाव आधी वाचा.

काळवीट मारणं १९७२ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि खरं सांगायचं तर तो फोटो मला बघवत नाही. सासूबाईंनाही बघवत नसावा. जालन्याला स्टुडिओत त्यांनी स्वतः बोट ठेवून सांगितलं, "हे जनावर नको, बंदुकाही नकोत. हा एवढा पोरगा मोठा करून द्या."

नव्या फोटोच्या पाठीवर नाव-साल मी मऊ शिसपेन्सिलीनं हलकेच लिहिलं. बॉलपेन वापरू नका, पुढून वळ उमटतो.