आल्या की आणल्या?

शाळेत मराठीच्या तासाला प्रयोगाचा धडा असतो. ‘बायका आल्या’ या वाक्यात बायका कर्ता आहेत. ‘बायका आणल्या गेल्या’ म्हटले की त्या कर्म होतात आणि आणणारा पडद्याआड राहतो. मुलांना हा फरक दोन मिनिटांत कळतो. मुस्लिम स्त्रिया रस्त्यावर उतरल्या की मात्र मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना कर्तरी प्रयोग आठवत नाही.

२०१८च्या मार्च महिन्याची गोष्ट घ्या. नाशिकहून ६ तारखेला निघालेले शेतकरी आणि आदिवासी १२ तारखेच्या पहाटे मुंबईच्या आझाद मैदानावर पोचले. सुमारे १८० किलोमीटर चालून आले होते. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांचा खोळंबा होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. त्यात बायका फार होत्या. त्यांच्या फुटलेल्या, सोललेल्या तळव्यांचे फोटो बघून मुंबईचा जीव कळवळला. लोकांनी पाणी, बिस्किटे, चपला वाटल्या. आपल्या लोकांनीही वाटल्या. ‘शहरी माओवादी’ असा शिक्का मारायचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही, कारण ते तळवे सर्वांनी पाहिले होते.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्याच मैदानावर मुस्लिम स्त्रिया जमल्या. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाच्या हाकेला प्रतिसाद म्हणून त्याआधी फेब्रुवारीत मालेगावला आणि मार्चमध्ये पुण्यालाही असेच मूक मोर्चे निघाले होते. आकडे प्रत्येकाने आपल्या सोयीचे सांगितले. पण यंत्रमागांच्या त्या गावातले रस्ते बायकांनी भरून गेले होते, एवढे सर्वांनीच मान्य केले.

आझाद मैदानाला उलव्याहून आम्ही अकरा जणी गेलो होतो. खारकोपरची लोकल तेव्हा सुरू व्हायची होती. बसने नेरुळ गाठायचे, तिथून हार्बरची गाडी. लेडीज डब्यात एका बाईने शांतपणे पर्स उचलून मांडीवर घेतली. दुसरीने आपण होऊन जागा केली आणि विचारले, “कसली सभा आहे?” सांगितल्यावर ती गोंधळली. “म्हणजे तुम्हाला तीन तलाक पाहिजे?”

हा प्रश्न आम्हाला त्या वर्षी इमारतीत, शाळेत, भाजीवाल्याकडे, सगळीकडे विचारला गेला आणि विचारणारे बहुतेक जण मनाने चांगले होते. म्हणून उत्तरही नीट द्यावे लागे. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी, शायरा बानो यांच्या खटल्यात, तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला होता. तो परत आणा, असे आमच्यातली एकही जण म्हणत नव्हती. वाद त्या वर्षी २८ डिसेंबरला लोकसभेने मंजूर केलेल्या बिलाचा होता. तलाक झालाच नाही असे कायदा म्हणतो, तर मग नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग कशाचा? आणि तो आत गेला तर घर कोण चालवणार? मूळ बिलात तर जामीन अवघड होता, आणि तक्रार बायकोनेच करावी अशी अटही नव्हती.

हे सगळे समजावून सांगितले की समोरची व्यक्ती मान हलवायची आणि म्हणायची, “ते ठीक आहे, पण तुम्हाला मौलवींनीच पाठवलं ना?”

आता आपल्या माणसांचे ऐका. मोर्चानंतर आमच्या भागात कौतुकाला तोटा नव्हता. आमच्या माँ-बहनांनी शरीअतची लाज राखली. केवढा पर्दा, केवढी शिस्त! एक घोषणा नाही, एक आवाज नाही! सर्वांत जास्त तारीफ आमच्या गप्प राहण्याची झाली. मूक मोर्चा हा निषेधाचा एक प्रकार आहे. मराठा समाजाने तो सबंध महाराष्ट्राला दाखवून दिला होता आणि तिथे शेवटी मुलीच पुढे होऊन आपल्या मागण्या सांगत. आमच्याबाबतीत मौन हाच जणू आमचा स्वभाव आहे आणि तो आम्ही मैदानावर सिद्ध करून आलो, असे समजले गेले. घरी आल्यावर “काय बोललात तिथे?” असे कुणी विचारले नाही. “गर्दी किती होती?” एवढेच विचारले.

एका बाजूला आम्ही ‘आणलेल्या’, दुसऱ्या बाजूला आम्ही ‘पाठवलेल्या’.

हे २०१८चेच नाही. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत जुन्या विधानभवनावर मोर्चा नेला, त्यात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाही त्यांत होत्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना एक कायदा करा, अशा मागण्या होत्या. दलवाईंचे सगळे विचार आम्हाला मान्य नाहीत. या मासिकाच्या बहुतेक वाचकांनाही नसतील. पण त्या सात जणींचा विषय आजही निघाला की एक वाक्य हमखास येते: “सातच तर होत्या, त्याही दलवाईंनी आणलेल्या.” सात असल्या तर फार थोड्या आणि हजारो असल्या तर हाकून आणलेल्या. मग किती जणी आल्या म्हणजे त्या स्वतः आल्या असे धरायचे, हा हिशेब कुणीतरी एकदा मांडून द्यावा. पुढे २०२०च्या जानेवारीत नागरिकत्वाच्या प्रश्नावर नागपाड्याच्या मोरलँड रोडवर बायका रात्रंदिवस बसल्या. त्यांच्या हातात माइकही होता. तिकडे दिल्लीत शाहीन बागेच्या बायकांना तोवर पाचशे रुपये रोजाचे लेबल लागून गेले होते.

आमच्या दीनी इतिहासात एक प्रसंग आहे तो अशा वेळी फार आठवतो. मदिन्यात हजरत खौला बिन्त सालबा (रजि.) यांना नवऱ्याने रागाच्या भरात ‘तू मला आईच्या पाठीसारखी’ असे म्हटले. जुन्या अरब रिवाजात या एका वाक्याने बायको दूर व्हायची, सुटायची मात्र नाही. वय झालेले, मुले लहान. त्या थेट प्रेषितांकडे (स.) गेल्या आणि आपली बाजू पुन्हा पुन्हा मांडत राहिल्या. कुणी त्यांना घेऊन गेले नव्हते. त्यांच्या त्या वादावर सूरह अल-मुजादला उतरली. सूरहचे नावच वाद घालणाऱ्या बाईवरून पडले आहे. तफसीरच्या ग्रंथांत पुढची हकीकतही येते. हजरत उमर (रजि.) खलिफा असताना या वृद्ध खौलांनी त्यांना रस्त्यात थांबवले आणि बराच वेळ सुनावले. सोबतच्या माणसाने कुरकुर केली की एका म्हातारीसाठी एवढी मंडळी खोळंबली. उमर (रजि.) यांनी त्यालाच गप्प केले. जिचे म्हणणे सात आसमानांवर ऐकले गेले तिचे उमरने ऐकू नये काय, अशा अर्थाचे ते बोलले.

खौलांना (रजि.) कुणी विचारले नाही की तुला कुणी शिकवून पाठवले. आमच्या मुशायऱ्यांत, जलशांत हा प्रसंग बायकांच्या सन्मानाचा दाखला म्हणून सांगतात. पण त्यात ती बाई बोलते आहे आणि सारे ऐकत उभे आहेत, हे सांगताना आवाज जरा खाली येतो.

तर आझाद मैदानावरून परतताना आम्ही काय बोललो ते सांगू. बिलाचा विषय वाशीपर्यंतच चालला असेल. आमच्यात एक भाभी होती, तिच्या बहिणीला फोनवर तलाक मिळाला होता. ती बिलाच्या बाजूची होती आणि तरी आली होती. “जेलचं ऐकून तरी घाबरतील,” ती म्हणाली. तिला कुणी अडवले नाही. एक खाला म्हणाल्या, “जेल नको नि तलाकही नको. खर्च कोण देणार ते सांगा.” तिसरीचा प्रश्न आणखी अवघड होता. तिच्या भाचीच्या नवऱ्याने तलाक दिलाच नव्हता. तो फक्त निघून गेला होता, चार वर्षे झाली होती. अशा बाईला कुठला कायदा लागतो आणि कुठला मोर्चा? बायकोला अशी अधांतरी लटकत ठेवू नका, अशी सक्त ताकीद सूरह अन-निसामध्ये आहे. ती ताकीद नेरुळ स्टेशन येईपर्यंत आम्ही एकमेकींना दोनदा सांगितली.

मग मेहरचा विषय निघाला. इथे उर्दू शिकवणाऱ्याला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेहर दोन प्रकारचा लिहितात. एक तत्काळ द्यायचा आणि दुसरा मागाहून, मुदतीने द्यायचा. उर्दूत दोन्ही शब्दांचा उच्चार कानाला जवळजवळ ‘मुअज्जल’ असाच लागतो. लिहिताना पहिल्यात ‘ऐन’ आहे, दुसऱ्यात ‘वाव’वर हमजा. त्या एका अक्षरावर पैसा आज हातात पडणार की कधीतरी, हे ठरते. अकरा जणींना आम्ही विचारले, तुमच्या निकाहनाम्यात कोणते अक्षर आहे? नऊ जणींनी आपला निकाहनामा सही केल्यानंतर पाहिलाच नव्हता. एकीने सहीच्या वेळीही पाहिला नव्हता. वकील आणि गवाह आले, तिने हुंकार दिला, झाले.

बोर्डाने मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रतिज्ञापत्रावर सांगितले होते की काझींना सूचना देऊ: नवरदेवाला एका दमात तीन तलाक देऊ नको असे समजावा, आणि तशी अट निकाहनाम्यात घालायला दोन्ही बाजूंना सुचवा. हे आमच्यासाठी मोर्चाइतकेच मोलाचे होते. उलवे, पनवेल, उरण या पट्ट्यात त्यानंतर आम्ही किती निकाह पाहिले त्याची मोजदाद नाही. मंगल कार्यालये वाढली, स्टेजवरची फुले वाढली, केटरर्सचे दर दुप्पट झाले. ही अट वाचून दाखवलेली आमच्या कानावर क्वचितच आली. ज्या बायकांच्या पावलांवर एवढे कौतुक झाले, त्यांना परत बोलावून “तुम्हाला निकाहनाम्यात काय हवे?” असे एका तरी जुम्याला विचारता आले असते.

बिलाचे पुढे काय झाले तेही नोंदवायला हवे, कारण त्याबद्दल मोर्चाविषयी भलेबुरे बोलणारे दोघेही गप्प आहेत. सप्टेंबर २०१८चा वटहुकूम आणि मग जुलै २०१९चा कायदा यांत तुरुंगाची शिक्षा राहिली. पण तक्रार फक्त त्या स्त्रीला किंवा तिच्या रक्ताच्या आणि सासरच्या नातलगांनाच करता येईल, तिचे म्हणणे ऐकून दंडाधिकारी जामीन देऊ शकतील, आणि तिच्या इच्छेने तडजोडही होऊ शकेल, हे बदल आले. संसदेत आणि बाहेर हरकती घेतल्या गेल्या म्हणून आले. त्या हरकतींत आमच्या पायांचा वाटा किती, ते कुणी मोजले नाही. पोटगीबाबत १० जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमाचा दरवाजा तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही खुला आहे. आता हे नव्या संहितेचे १४४वे कलम आहे. नवरा नुसताच निघून गेला असेल तरी ती तिथे अर्ज करू शकते. खालांच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर इथे आहे. भाचीला त्या अर्जासाठी पनवेलला घेऊन जाताना मोर्चातल्या चौघी सोबत होत्या. त्या दिवशी आमचा फोटो कुणी काढला नाही.

मागच्या शाबानमध्ये इथल्याच एका लग्नात, आमच्या जुन्या विद्यार्थिनीने काझीसाहेबांना निरोप पाठवला की हुंकार देण्याआधी निकाहनामा पूर्ण वाचून दाखवा, अटींसकट. पुरुषांच्या बाजूला थोडी चुळबुळ झाली. कुणीतरी विचारले, “हे तिला कुणी शिकवलं?” काझीसाहेब वयस्क आणि समजूतदार होते. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ खुर्ची ओढून वाचायला घेतले. मेहरच्या ओळीवर तिने आतून थांबवले, “ऐनवाला की हमजावाला?” ते हसले, म्हणाले, “बेटी, ऐनवाला.” एक लाख रुपये, तत्काळ. मुलाच्या मामांनी खिशातून पाकीट काढून दिले, मुलीच्या आईने नोटा तिथेच मोजल्या आणि निकाहनाम्याची एक झेरॉक्स मागून घेतली. बिर्याणीला वीस मिनिटे उशीर झाला.