एकवीस किलोमीटर म्हणजे किती गुंठे?



आज आल्याची, उसाची नोंद नाही. गेल्या पंधरवड्यात तिघांनी बांधावर येऊन एकच विचारलं, "दादा, पहाटे पळता म्हणं तुम्ही. रानात काय कमी काम आहे का?" प्रत्येकाला उभ्या-उभ्या अर्धंच सांगून झालं, म्हणून एकदाच सगळं लिहितो. यात चुका जास्त आहेत. त्याच नीट वाचा, कामाच्या त्याच आहेत.

२०२१ च्या दिवाळीनंतर आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. रानात काटा मोडला होता. कळलाच नाही, कारण पंधरा वर्षांच्या साखरेनं पायाची जाणीव गेलेली. जखम दिसली तेव्हा उशीर झाला होता. त्या दवाखान्यातच डॉक्टर मला म्हणाले, "वडिलांना आहे, तुम्हीही तपासून घ्या." तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ निघाली. ६.५ पासून पुढं मधुमेह धरतात, ५.७ ते ६.४ ही त्याच्या आधीची पायरी. म्हणजे मी उंबऱ्यावर उभा होतो. वय ४३.

मी म्हणालो, "डॉक्टर, मी शेतकरी माणूस, दिवसभर रानात असतो."

ते म्हणाले, "असता. पण चालता किती?"

राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी मोबाईलमध्ये पावलं मोजली. संध्याकाळी आकडा आला ३,८००. मग एकेक आठवत गेलं. मोटरसायकल थेट बांधापर्यंत जाते. मोटर मोबाईलवरून चालू होते. ठिबकचे चार व्हॉल्व्ह फिरवले की पाणी झालं. नांगरट, सरी, भर, सगळं ट्रॅक्टरवर. फवारणीला माणूस. मला घाम येत होता तो उन्हानं, कष्टानं नव्हे.

पुतण्या तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता. आमच्याकडं पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर भरतीची पोरं पळत असतात, त्यातलाच एक. त्याला म्हटलं, मलाही घेऊन चल. आधी डॉक्टरांकडून ईसीजी वगैरे करून घेतलं आणि पहिल्या दिवशी घरापासून कॅनॉलच्या पुलापर्यंत निघालो. अंतर ६०० मीटर. निम्म्यातच थांबलो, गुडघ्यावर हात ठेवून. दूध घालायला निघालेला एकजण गाडी थांबवून म्हणाला, "काय ओ, कुत्रं मागं लागलंय का?"

पुतण्यानं युक्ती काढली. "तात्या, विजेचे खांब मोजा. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं." महिनाभर तसंच केलं. मग दोन खांब पळायचं, एक चालायचं. जून उजाडेपर्यंत ५ किलोमीटर न थांबता जमायला लागलं. तोवर पोरानं माझं नाव साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला घालूनही टाकलं होतं. हाफ म्हणजे २१ किलोमीटर आणि वर शंभर मीटरला थोडं कमी. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, गावातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढं जायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं. माझी त्याआधीची सगळ्यात लांब पळी होती १३ किलोमीटर, तीही सपाटीवर.

पहिली शर्यत, २०२२. पहाटेचा अंधार, बारीक पाऊस, हजारो माणसं. सुटताना ढोल-ताशा वाजला आणि माझं डोकं फिरलं. पहिले तीन किलोमीटर पोरांच्या बरोबरीनं, सहा मिनिटाला एक असे काढले. वाटलं, आपण उगाच भीत होतो. घाट लागला आणि हिशेब सुरू झाला. दुसऱ्या वळणावर छाती भरली. निम्मा घाट चालत गेलो. वरून फिरल्यावर वाटलं, आता उतारच आहे, काय अवघड? पण उताराला मांड्या ब्रेकचं काम करतात आणि ते ब्रेक झिजलेले. सतराव्या किलोमीटरला पोटरीत असा गोळा आला की रस्त्याकडंच्या दगडावर बसलो. साठीच्या एक काकू शेजारून जाताना म्हणाल्या, "बसू नका दादा, चालत ऱ्हावा. बसला की संपलं." त्यांच्यामागनं लंगडत उतरलो. वेळ लागला २ तास ५६ मिनिटं. काकू कधीच पुढं गेल्या होत्या. पुढचे तीन दिवस जिना उलटा उतरत होतो.

घरी आल्यावर आबा ओट्यावर बसलेले. मेडल हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "एकवीस किलोमीटर म्हंजी किती रे?"

किलोमीटर त्यांना कळत नाहीत असं नाही, पण चालण्याचं माप त्यांचं वेगळं. म्हणून शेतवही उघडली आणि नांगराचा हिशेब मांडला. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. बैलाच्या नांगराचं तास ९ इंचाचं, म्हणजे पाऊण फुटाचं धरलं, तर ५८,०८० फूट चालावं लागतं. म्हणजे १७.७ किलोमीटर, तेही दोन्ही टोकांची वळणं सोडून आणि ढेकळातनं. आम्ही दोघंही त्या आकड्याकडं बघत राहिलो. आबांनी ऐन उमेदीत दरसाल चार-चार एकर नांगरलंय. बैल विकले, ट्रॅक्टर आला, चालणं संपलं. ताटातल्या भाकरी मात्र तेवढ्याच राहिल्या, आणि जोडीला चहा वाढला. साखरेला कारणं अनेक असतात, आमच्या घराण्यातही ती आहे. पण हे एक कारण मला त्या दिवशी वहीत दिसलं.

तेव्हापासून आबा किलोमीटर विचारत नाहीत. सकाळी दारात आलो की विचारतात, "आज किती गुंठं?" गुंठ्याला साधारण ४४० मीटर पडतात. ५ किलोमीटर म्हणजे ११ गुंठे.

आता चुकांचं बघू. पहिली चूक उघड आहे. सुरुवातीलाच सगळा युरिया टाकून दिला. पीक आठवडाभर काळंभोर दिसतं आणि वाऱ्याला लोळतं. पण खरी चूक शर्यतीतली नव्हती, सरावातली होती. मी रोजच जोरात पळत होतो. दम लागला नाही तर व्यायाम झाला नाही, असं वाटायचं. गावच्या शाळेतले क्रीडाशिक्षक भेटले, त्यांनी एवढंच सांगितलं, "पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग कमी करा."

तसं केलं तर वेग आला किलोमीटरला साडेआठ मिनिटं. लाज वाटायची. वैरणीचा भारा घेतलेली माणसं जवळजवळ बरोबरीनं चालायची. पण हिवाळाभर, आठवड्यातून चार दिवस, हेच केलं आणि वहीत वेळ लिहीत गेलो. फेब्रुवारीत त्याच रस्त्यावर, तसंच गप्पा मारत, पावणेआठ मिनिटं पडायला लागली. जोर वाढवला नव्हता, तरी वेग वाढला होता. सरांनी कारण सांगितलं. हळू आणि जास्त वेळ पळाल्यावर हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, चरबी जाळायची सवय लागते. मला ते लगेच पटलं. आपण लागणीनंतर पांढऱ्या मुळीसाठी धडपडतो ना, तसंच हे. वर काही दिसत नाही, पण पुढचं सगळं तिच्यावर.

एवढं कळून दुसरी चूक केलीच. मार्च २०२३ मध्ये हाव सुटली. आठवड्याला २२ किलोमीटर होत होते, ते एकदम ३८ केले. दम लागत नव्हता, मग काय अडचण? तिसऱ्या आठवड्यात नडगीच्या हाडावर एका जागी दुखायला लागलं. बोट ठेवलं की कळ यायची. डॉक्टर म्हणाले, हाडावर ताण आलाय, पाच आठवडे पळणं बंद. कारण साधं होतं. दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूंच्या दोऱ्या तयार व्हायला महिने लागतात. आल्याच्या गादीवाफ्यात पाला जोमात दिसतो म्हणून पाणी वाढवावं आणि खाली कंदकूज सुरू व्हावी, तसला प्रकार. पाच आठवडे सायकल चालवली. पुन्हा सुरुवात १२ किलोमीटरपासून. आठवड्याला दहावा हिस्सा वाढवायचा आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं, हा नियम तेव्हापासून मोडला नाही.

२०२३ ची शर्यत मागं राहून सुरू केली. माझ्या पुढं पोरं गेली, बाया गेल्या, एक आजोबाही गेले. घाटात आखूड पावलं टाकली, खड्या चढाला सरळ चाललो. उतरताना त्यातले पुष्कळजण पुन्हा भेटले. वेळ २ तास ३१ मिनिटं.

तिसऱ्या वर्षी तीनच गोष्टी वाढवल्या. आठवड्यातनं एक दिवस देवळाच्या टेकडीवर चढ-उतार, कारण उतरायचाही सराव लागतो. दोन दिवस घरीच बैठका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झोप. आपल्याकडं थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या आठवड्यात पाणी द्यायला दोनला उठायचं आणि पाचला पळायचं, असं मी पहिल्या वर्षी करत होतो. ताप आला, सर्दी महिनाभर गेली नाही. आता रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात दोनच दिवस पळतो, तेही सावकाश. बुडालेला सराव पुढच्या आठवड्यात भरून काढत नाही. चुकलेलं पाणी कोणी दुप्पट देतं का?

२०२४ ची वेळ २ तास १४ मिनिटं. किलोमीटरला ६ मिनिटं २१ सेकंद. फुशारकी नको, म्हणून हेही लिहितो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या शेतकरी घरातल्या अविनाश साबळेनं २०२० मध्ये दिल्लीत हेच अंतर १ तास ० मिनिटं ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला होता. किलोमीटरला तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आपली स्पर्धा त्याच्याशी नाही. आपली स्पर्धा त्या ६.३ शी.

तो आकडा आता ५.८ आहे. हे एकट्या पळण्यानं झालं असं म्हणणार नाही. चहातली साखर बंद केली, रात्रीचं जेवण आठच्या आत आलं, भाताऐवजी ज्वारी आली. आणि हा आकडा परत वर जाऊ शकतो, हेही माहीत आहे. म्हणून दर सहा महिन्यांनी माती परीक्षणासारखं रक्त तपासतो.

सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडक्यात:

• चाळिशीच्या पुढं असाल तर आधी डॉक्टर. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पळताना साखर एकदम खाली येऊ शकते, विचारल्याशिवाय सुरू करू नका.
• पाय रोज बघा, तळव्यासकट. आमच्या घरानं हे उशिरा शिकलं.
• पहिले तीन महिने खांब मोजा, घड्याळ नको.
• बोलता येईल एवढ्याच वेगानं पळा. जोराचा दिवस आठवड्यात एक पुरे, तोही सहा महिन्यांनंतर.
• कपड्यांवर खर्च नको, पण बूट पळण्याचेच घ्या. मी पहिले दोन महिने जुन्या कॅनव्हासवर काढले, टाचा धरल्या.
• तासापेक्षा जास्त पळणार असाल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साखरवाल्यांनी हेही विचारून.
• एका जागी, हाडावर दुखलं तर थांबा. अंग दुखणं वेगळं, हाड दुखणं वेगळं.
• वहीत लिहा. मी फवारणीच्याच वहीत लिहितो, शेवटच्या पानाकडून.

त्या दिवशी साताऱ्याहून आलो तेव्हा आबा ओट्यावरच होते, पायात डॉक्टरांनी सांगितलेला मऊ बूट. मी सांगायच्या आधी त्यांनीच बोटांवर हिशेब केला. "अठ्ठेचाळीस गुंठं. एकर आन् वर आठ." मग जरा वेळानं म्हणाले, "आन् बैल न्हाईत. म्हंजी बैलबी तूच."

आता रोज संध्याकाळी ते माझ्याबरोबर दारापासून गोठ्यापर्यंत चार फेऱ्या मारतात. दोन बोटं कमी असल्यानं तोल सावकाश धरावा लागतो. मोजलं, पाऊण गुंठा होतो. वहीत त्यांचं पान वेगळं केलंय.

उद्या आल्याच्या भर लावणीची नोंद टाकतो.