छत्तीस गुण, खारं पाणी

लग्नात छत्तीस गुण जुळवतात. समुद्री माशांच्या टाकीत गुण त्याहून जास्त जुळवावे लागतात, आणि मध्यस्थ कुणी नसतो.

"मामा, टाकीत फक्त लक्षद्वीपची मंडळी हवीत," भाच्याचा हट्ट. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घातलं की समुद्र तयार होतो हो, शेजार होत नाही! एका गावचे म्हणून गोडीने नांदतील, हे चाळीत राहिलेल्याला सांगू नये.

क्लाऊनफिश पसंत पडले. हे हॅचरीतही जन्मतात, तेव्हा प्रवाळातून धरून आणायला नकोत. जोडीत थोरली ती मादी. ती गेली की नवराच मादी होतो. ही म्हणाली, "तेव्हा तरी कळेल म्हणावं!"

डॅमसेल दोन बोटांएवढा, पण जागेवरून भांडणारा. पावडर ब्लू टँग देखणा. त्याला ऐसपैस जागा हवी आणि भाऊबंद नजरेसमोर नको. लायनफिश राजबिंडा, पण तोंडात मावेल तो शेजारी त्याचं जेवण.

"पण समुद्रात सगळे राहतातच ना?"

राहतात, बाबा. तिथे हरलेल्याला पळायला अख्खा अरबी समुद्र असतो. इथे चार काचा. मार खाल्लेला मासा कोपऱ्यात उपाशी मरतो, आणि आपण त्याला शोभा म्हणतो.

म्हणून गरीब आधी सोडायचे, भांडखोर शेवटी. आधी आलेला जागेचा मालक होतो. आम्ही भांडखोरांना बोलावलंच नाही. दोन क्लाऊनफिश, एक गोबी. लक्षद्वीप, लोकसंख्या तीन. सध्या शांतता आहे.