कॅबच्या काचेपलीकडचा तलाव

माझ्या एका मैत्रिणीचं ऑफिस पवईत आहे. चार वर्षं झाली. रोज सकाळी कॅबच्या काचेतून तिला तलाव दिसतो. म्हणजे, दिसला असता! तेव्हा मॅडम मोबाइलवर मेल चेक करत असतात. 'पवई लेकला शेवटची कधी गेलीस गं?' विचारलं, तर म्हणाली, 'रोजच जाते की... समोरून!'

म्हटलं, आता बास. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सातला तिला अक्षरशः ओढून नेलं. नो मॉल, नो मल्टिप्लेक्स. फक्त तलाव!

आदि शंकराचार्य मार्गाच्या कडेने फिरायला मस्त जागा आहे. बाक आहेत, बाग आहे. पाठीमागे हिरानंदानीचे ते ग्रीक-रोमन खांबवाले टॉवर्स, समोर पाणी आणि पलीकडे हिरवी टेकाडं. वॉकला आलेले आजी-आजोबा, कानात इयरफोन घालून धावणारी आपल्यासारखी मंडळी आणि बाकावर एक-दोन कपल्स. एकदम टिपिकल संडे!

आता गंमत ऐका. हा तलाव चक्क माणसाने बनवलाय. मुंबईची तहान भागवायला विहार तलाव १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये. तरी पाणी पुरेना. तानसाचं काम रखडलेलं. मग तातडीचा उपाय म्हणून दोन टेकड्यांच्या मध्ये बांध घालून १८९१ मध्ये पवई तयार झाला. पण पाण्याचा दर्जा काही जमेना. १८९२ मध्ये तानसा आला आणि पवई पिण्याच्या पाण्याच्या यादीतून बाद! विहार, तुळशीचं पाणी आजही मुंबईकरांच्या नळाला येतं. पवईचं मात्र कारखान्यांना आणि आरे कॉलनीला. साधारण ५४५ कोटी लिटर मावतं यात, पण आपल्याला प्यायला ग्लासभरही नाही.

आम्ही फोटो काढण्यात दंग होतो, तेवढ्यात शेजारचे एक काका म्हणाले, 'पोरींनो, ते लाकूड नाही बरं का!' बघतो तर काय, काठावरच्या चिखलात मगर! ऊन खात निवांत पडलेली. मुंबईत, ट्रॅफिकचे हॉर्न ऐकू येतील इतक्या अंतरावर. मैत्रिणीची बोलतीच बंद.

काका रोज येणारे. त्यांनीच सायकल ट्रॅकचा विषय काढला. आठवतंय? २०२१ मध्ये महापालिकेने तलावाच्या काठाने सायकल आणि जॉगिंग ट्रॅकचं काम काढलं होतं. आयआयटीतले विद्यार्थी हायकोर्टात गेले आणि ६ मे २०२२ ला कोर्टाने ते काम बेकायदा ठरवलं. झालेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं.

खरं सांगते, तेव्हा मी जाम वैतागले होते. या शहरात सायकल चालवायला जागा आहेच कुठे? एक झकास ट्रॅक होत होता, तोही गेला! पण त्या सकाळी मगर जिथे पडली होती, तो चिखल बघितला आणि गप्प झाले. आपल्याला जो नुसता 'काठ' वाटतो, ते कुणाचं तरी घर आहे. माझी सायकल दुसरीकडेही चालेल. ती कुठे जाणार?

अर्थात, ट्रॅक गेला म्हणजे तलाव वाचला असं नाही. पाण्यावर हिरवागार गालिचा दिसला तर हुरळून जाऊ नका, ती जलपर्णी. सांडपाण्यावर पोसलेली. आणि ते सांडपाणी येतं कुठून? आपल्याच बाथरूम-किचनमधून. पावसाळ्यात तलाव भरून वाहिला की पाणी थेट मिठी नदीत जातं. मिठी म्हटलं की २६ जुलै २००५ आठवायलाच हवी.

परतताना मैत्रीण म्हणाली, 'उद्यापासून कॅबमध्ये डावीकडे बसणार. तलाव बघायला.' बघू, किती दिवस टिकतंय!

तुम्हीही एकदा जाऊन या. मध्य रेल्वेने कांजूरमार्गला उतरा, वेस्टर्नवाल्यांनी अंधेरीला; पुढे बस किंवा रिक्षा. हिवाळ्यात सकाळी लवकर गेलात तर बेस्ट. आणि हो, चिप्सचं रिकामं पाकीट परत घरी आणायचं. पाण्यात उतरायचं तर नावच नको... पाण्यातलं लाकूड लाकूडच असेल असं नाही!