‘वयच झालं आता’ म्हणण्यापूर्वी

वाचकहो, ‘वयच झालं आता, चालायचंच’ हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात किती वेळा उच्चारले असेल, याची मोजदाद नाही. झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, अंगात त्राण नाही, अशी गाऱ्हाणी घेऊन आलेल्या आजी-आजोबांना धीर देण्यासाठी मी ते सहज म्हणत असे. एकदा तेच वाक्य मी घरी, माझ्या वडिलांनाही ऐकवले. त्या चुकीची किंमत त्यांनी जवळजवळ सहा महिने मोजली.

अण्णा निवृत्त शिक्षक. श्रावणात माझी आई गेली, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. दिवसकार्य आटोपले, पाहुणे परतले; अण्णा कुणासमोर रडले नाहीत. ‘किती धीराचे आहेत!’ असे सर्वांनी म्हटले, मलाही तसेच वाटले. दिवाळीनंतर त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. पोट जड वाटते, छातीत कसेसेच होते, पहाटे तीनलाच जाग येते. मी ईसीजी काढला, पोटाची सोनोग्राफी केली. काहीच सापडले नाही. मी पित्ताची गोळी लिहून दिली आणि म्हणालो, “अण्णा, वयच झालं आता.” त्यांनी मान डोलावली. त्यानंतर त्यांनी तक्रार करणेच सोडले आणि मी ते सुधारणेचे लक्षण मानले.

चैत्रात पत्नीने त्यांच्या खोलीतील रद्दी काढली. एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, “अहो, हे बघा. दिवाळीपासून एकही शब्दकोडं सोडवलेलं नाही.” रोज सकाळी चहाबरोबर कोडे सोडवणे हा अण्णांचा चाळीस वर्षांचा नेम होता. माझ्या तपासण्यांना जे दिसले नव्हते, ते त्या कोऱ्या चौकटींनी दाखवले.

त्याच आठवड्यात माझा एक मानसोपचारतज्ज्ञ मित्र घरी आला. त्याने अण्णांना दोनच प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटले का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन रमेनासे झाले का? अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सकाळ झाली की वाटतं, उगाच झाली.” जीव नकोसा वाटतो का, हेही मित्राने स्पष्ट विचारले. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. मी त्यांचा मुलगा आणि डॉक्टर, पण हे प्रश्न मला सुचले नव्हते.

वार्धक्यातील नैराश्य पुष्कळदा अश्रूंच्या रूपाने येत नाही. ते पोटदुखी, थकवा, चिडचिड, विसराळूपणा अशी रूपे घेते. शोक आणि नैराश्य यांतही अंतर आहे. शोक लाटांसारखा येतो. दोन लाटांच्या मधल्या काळात माणूस नातवंडांकडे पाहून हसतो, आवडीचे चार घास खातो. नैराश्यात ही उसंत बहुधा नसते. ते वयाचा अटळ भाग नसून आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

अण्णांच्या रक्ताच्या तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. त्याची कमतरता, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय आणि काही औषधेदेखील मनाला मरगळ आणतात. म्हणून आधी त्यांचा शोध घ्यावा लागतो. नैराश्याची गोळी कमी मात्रेत सुरू झाली. वाचकहो, या गोळ्यांची सवय लागेल अशी भीती अनेकांना वाटते. त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. वृद्धांमध्ये त्यांपैकी काहींमुळे रक्तातील सोडियम घटू शकते. म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी करावी.

औषधाइतकेच महत्त्व इतर गोष्टींना होते. अण्णांचे श्रवणयंत्र कपाटात पडून होते. ते नीट बसवून घेतले. ऐकू येईनासे झाले की माणूस घरातल्या घरात एकटा पडतो. सकाळी शेजारचे एक काका त्यांना फिरायला नेऊ लागले. नातीचे गणित त्यांच्याकडे सोपवले. ‘तुम्ही फक्त आराम करा’ असे आपण प्रेमाने म्हणतो. पण ऐकणाऱ्याला ‘आता तुमची गरज नाही’ असे ऐकू येते.

आपल्या घरी वडीलधारे माणूस असेल, तर त्याची आवडीची कोणती गोष्ट नकळत बंद पडली आहे, ते पाहा. आपण स्वतःच ज्येष्ठ असाल, तर डॉक्टरांना गुडघ्याबरोबर मनाविषयीही सांगा. त्यात कमीपणा नाही. कुणाशी बोलावे हे कळत नसेल, तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, आणि तेथे मराठीतही बोलता येते. जीव देण्याचे विचार येत असतील, तर मात्र त्या व्यक्तीला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

सातव्या आठवड्यात मी दवाखान्यात निघालो असताना अण्णांनी मागून हाक मारली, “अरे, उभा तिसरा. ‘विलंब’ला चार अक्षरी शब्द सांग.” मी दारात उभा राहून थोडा विचार केला आणि म्हणालो, “दिरंगाई.” त्यांनी चौकटी भरल्या. तो शब्द माझ्या मनात अजूनही आहे.